पंक्चरवाल्याने बांधलेलं घर

चौकाच्या वळणावर, पेट्रोलपंपाच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची टपरी होती आणि तिच्यात एक पंक्चरवाला बसायचा. आईबापांनी त्याचं नाव ठेवलं होतं, नाही असं नाही, पण चाक बसलेला माणूस नावगाव विचारत बसत नाही. तेव्हा आपणही त्याला पंक्चरवालाच म्हणू.

माणूस सरळ होता, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याचा स्वतःचा एक मंत्र होता. घास, पूस, थांब, दाब आणि मग ओढून बघ. ट्यूबला भोक पडलं त्या जागी कानशीने घासायचं, तेही तिरकं आणि एकाच अंगाने, उलटसुलट नाही. मग पुसायचं. मग रबराचं सोल्यूशन लावून त्याची चकाकी जाईपर्यंत थांबायचं. सगळे माती खातात ते इथेच, थांबण्यात. मग ठिगळ ठेवून अंगठ्याने जोर लावून दाबायचं. आणि शेवटी ते ठिगळ कोपऱ्याला धरून ओढून बघायचं. ओढून बघितल्याशिवाय त्याने गिऱ्हाइकाच्या हातात कधी ट्यूब दिली नाही. दुसऱ्याने मारलेलं ठिगळ तर तो लांबूनच ओळखायचा. हे पुलाखालच्याचं, त्याला घासायचा कंटाळा. हे बाजारातल्याचं, घाईचा माणूस. असं म्हणून तो ते नखाने सोलून काढायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्यात त्याला जरा जास्तच आनंद व्हायचा, हे खरं आहे.

त्याची बायको तापाने गेली. पोर तेव्हा इतकी लहान होती की आईची साडी धरून बसली आणि सोडेना. बायकोची धाकटी बहीण आली आणि म्हणाली, भाऊजी, चार दिवस नेते हिला. ते चार दिवस अजून संपले नव्हते. पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती उभ्या जागी गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडेपर्यंत. पंक्चरवाल्याच्या सुट्टीच्या दिवशी ती बापाकडे यायची आणि दिवेलागणीला मेहुणी किंवा साडू तिला न्यायला यायचे. मेहुणीला मूल नव्हतं. साडू एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा. माणूस असा टापटिपीचा की पेन्सिलींना टोकं काढून त्या उंचीप्रमाणे लावून ठेवायचा. पंक्चरवाल्याचं आणि त्याचं भांडण कधी झालं नाही. पण साडूच्या घरी चहाचा कप हातात घेताना पंक्चरवाला आपली काळी बोटं कपामागे लपवायचा, यातच काय ते आलं.

मग साडूची बदली झाली. लांब, आगगाडीने जायला दीड दिवस लागेल इतकी लांब. मेहुणीने हे सांगितलं आणि पुढचं सांगायला तिला पाणी प्यावं लागलं. भिंगरीला आम्ही घेऊन जाऊ का, कायमची? तुम्ही नाही म्हणालात तर नाही. पण भाऊजी, विचार करा. शाळा आहे, पोरीची जात आहे, तिची वेणी कोण घालणार, दिवसभर ती त्या रबराच्या वासात बसणार का? निघायच्या आधीच्या सुट्टीला घरी या, तुमच्या तोंडून ऐकायला आम्ही थांबतो.

पंक्चरवाल्याने विचार केलाच नाही. त्याचं ठरलेलं होतं. पोर त्याची होती आणि ती घरी येणार होती. त्याने खोलीला चुना दिला. खिडकीशी फळी ठोकली, तिच्या वह्यापुस्तकांना. जुन्या ट्यूबच्या तीन पट्ट्या कापून खिळ्याला बांधल्या आणि गिऱ्हाईक नसताना त्यांची वेणी घालायला शिकला. पहिल्या दिवशी ती वेणी कमी आणि गाठोडं जास्त होतं, पण पुढे पुढे बरी जमायला लागली. येणारेजाणारे हसले. हसू देत, त्याला काय.

बाहुलीचं घर हा भिंगरीचा हट्ट. खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत तो खोका तिने पाहिला होता. वर चित्र होतं, दोन मजली लाकडी घर, उतरतं छप्पर, समोरची भिंत दारासारखी उघडणारी, आणि खाली लिहिलेलं, नवशिक्यांसाठी. आत पातळ प्लायवूडच्या पाट्या आणि त्यांतून ढकलून काढायचे तुकडे, प्रत्येकावर आकडा. दुकानदारीण गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेली वयस्क बाई होती आणि तिला बोलायला आवडायचं. तिने विचारलं, पहिल्यांदाच करताय का? मग गोंद विचार करून निवडा. तो थेंबात चिकटणारा घेऊ नका, त्याने बोटं चिकटतात, लाकडावर पांढरा डाग धरतो आणि एकदा वाकडं बसलं की वाकडंच राहतं. बंदुकीतून निघणारा गरम गोंद जाड बसतो, मग फटी दिसतात. तुम्हाला हा पांढरा बरा. हळू सुकतो, वास नाही, पोरीच्या हातालाही चालतो. चुकलं तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावता येतं. फक्त दोऱ्याने आवळून रात्रभर सोडून द्यायचं. सुकला की मग लाकूड फाटेल, पण सांधा सुटायचा नाही. आणि हो, आधी सगळं गोंदाशिवाय कोरडंच जोडून बघा.

"बाई, आमचा जन्म चिकटवण्यात गेलाय," पंक्चरवाला म्हणाला.

खोक्यात अंगठ्याएवढी एक बाटली होती, त्याच पांढऱ्या गोंदाची. त्याने ती उजेडात धरून हलवली, ही कसली खळ म्हणाला आणि बाजूला ठेवली. भिंगरीने ती उचलून खिशात घातली. बाहुल्यांना दूध झालं, म्हणाली. तो हसला आणि ती बाटली विसरून गेला.

सुट्टीच्या दिवशी बापलेक खोलीत जमिनीवर बसली. सोल्यूशनच्या वासामुळे दारखिडकी उघडी टाकली होती. भिंगरी आकडे वाचायची आणि तुकडे हातात द्यायची. आधी कोरडं जोडायचं ना, त्या बाई म्हणाल्या होत्या, असं तिने एकदा सुचवलं. बाईंना वेळ आहे, आपल्याला नाही, तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. संध्याकाळी साडू यायचा होता आणि रात्रभर आवळून ठेवायला पंक्चरवाल्याकडे रात्र नव्हती, दिवसच होता. त्याला ते घर त्याच दिवशी उभं झालेलं हवं होतं, साडूने दारातून पाहावं असं.

त्याने तिला काचकागदाचा तुकडा दिला आणि कडा घासायला शिकवलं. तिरकं घास. एकाच अंगाने. आता पूस. आता सोल्यूशन, पातळ, बोटाने नाही, चिंधी गुंडाळलेल्या काडीने. आता थांब. भिंगरीला थांबणं ठाऊकच नव्हतं. ती दोनदा उठून गरगर फिरून आली. मग त्याने तिला चकाकी कशी जाते ते दाखवलं, आणि ती जमिनीवर पालथी पडून, गाल टेकून, श्वास धरून त्या कडेकडे बघत राहिली. गेली, बाबा, चकाकी गेली, असं ती कुजबुजली. मग दाब. मग ओढून बघ. तो प्रत्येक भिंत ओढून बघत होता आणि प्रत्येक भिंत धरून होती. छप्पर बसलं. बाहुलीचा पलंग आणि खुर्चीही झाली. भिंगरीने घरात नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, याला तुमचा वास येतो.

त्याचं मन भरून आलं, आणि मन भरून आलेल्या माणसाने गप्प बसावं, पण तो बसला नाही. हे घर उभं राहिलं ना, की तू आपल्या घरी यायचं, तो म्हणाला. बोलायला काय जातं? त्याला वाटलं, घर तर उभं आहेच समोर.

संध्याकाळी मेहुणी आणि साडू दोघं आली. साडूने चष्मा वर करून घर पाहिलं आणि वा म्हणाला. मेहुणी दमलेली होती. बघू या किती टिकतं ते, ती हसत म्हणाली आणि भिंगरीच्या केसांतला भुसा झटकला. त्यात कुजकेपणा नव्हता. भिंगरीने मात्र मावशीकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, आणि जाताना ते स्वतःच उचललं, कुणाला हात लावू दिला नाही.

बाहुलीची खुर्ची तेवढी राहून गेली होती. ती खिडकीच्या फळीवर, उन्हात पडून होती. पुढच्या सुट्टीच्या सकाळी, मेहुणीकडे उत्तर द्यायला जाण्यासाठी कपडे करताना, पंक्चरवाल्याने ती सहज उचलली आणि तिची पाठ त्याच्या हातात आली. पाय फताडे झाले होते. सांध्यातून सोल्यूशनचा पिवळट धागा निघाला, ताणला गेला आणि तुटला. तो त्या धाग्याकडे बघतच राहिला. ट्यूबमध्ये हवा असते, ती ठिगळाला आतून दाबून धरते. लाकडाला कोण दाबणार? रबर मऊच राहतं, उन्हाने आणखी मऊ होतं आणि भाराने सरकतं. हे त्याला इतकं ठाऊक होतं की ते आधी कधी आठवायची गरजच पडली नव्हती. मेहुणीच्या घरी ते घर कुठे ठेवलंय? तिची बसायची खोली तर सगळी उन्हाची होती.

रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढे पसरलेल्या भिंती आणि घसरलेलं छप्पर आणि त्याच्यापुढे बसलेली पोर. तिला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. चुकलो म्हणू. पुन्हा बांधू म्हणू. आपल्याच घरी बांधू, आता वेळच वेळ आहे. हे शेवटचं वाक्य त्याला पटलं, आणि ते घोकतच तो जिना चढला.

खोलीत सामान बांधायला काढलेलं होतं. एका कोपऱ्यात, साडूच्या नकाशांच्या टेबलाशेजारी, बाहुलीचं घर उभं होतं.

उभं म्हणजे ताठ उभं. त्या दिवशी होतं त्याहून ताठ. त्या दिवशी उजवी भिंत केसभर बाहेर झुकली होती, ती आता छपराखाली नेमकी बसली होती. पंक्चरवाला खाली बसला. सांध्यावरून नख फिरवलं. पिवळं काही लागलं नाही. एक बारीक, कडक, पांढुरकी रेघ होती, जादा गोंद ओल्या फडक्याने पुसून घेतलेला. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची ठिगळं ओळखली होती, आणि हे काम त्याचं नव्हतं. वर मान केली तर समोर टेबलावर पट्ट्या, काटकोनाच्या गुण्या आणि उंचीप्रमाणे लावलेल्या पेन्सिली. आणखी काय ओळखायचं राहिलं होतं?

साडू चहा घेऊन आला आणि नेमका त्याच वेळी म्हणाला, घर काय काटकोनात बसलंय हो, मला नसतं जमलं. मनापासून म्हणाला. पंक्चरवाल्याला ते वीतभर आत लागलं. आपलं काम सोलून काढायचं, नवं करायचं आणि वर आपल्यालाच शाबासकी द्यायची. त्याने भिंगरीकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून, हात मागे धरून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कोणी केलं गं हे?" त्याने विचारलं.

"तुम्हीच तर केलंत, बाबा," ती म्हणाली. घाईघाईने म्हणाली.

पोर खोटं बोलत होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्याला वाटलं, हे हिला शिकवलंय. बापाला वाईट वाटायला नको, असं बोल, म्हणून. आणि मग याहून वाईट वाटलं, की कुणी शिकवलंही नसेल, तिला स्वतःलाच आपली कीव आली असेल. एवढीशी पोर आणि बापाची लाज झाकते. अशा पोरीला आपण त्या टपरीत नेणार, रबराच्या पट्ट्यांवर शिकलेली वेणी घालणार आणि जन्मभर ती आपलं पडलेलं झाकत बसणार. इथे तिच्यासाठी पडलेली भिंत सरळ करणारा माणूस आहे. त्याच्या छातीत काहीतरी फसकन बसलं. चहा तसाच ठेवून तो मेहुणीला म्हणाला:

"घेऊन जा तिला. तुमच्याकडे नीट राहील ती."

मेहुणीने तोंडावर पदर धरला. साडूच्या हातातली बशी वाजली. मेहुणी रडत रडत भिंगरीपाशी गेली आणि तिला जवळ घेतलं, आणि भिंगरी तिच्या मिठीत लाकडासारखी उभी राहिली. ती रडली नाही. बापाकडे बघत राहिली, ते टक लावणं मात्र आता नव्हतं.

पंक्चरवाला निघायला उठला. तिचा निरोप घ्यावा म्हणून त्याने तिचा पाठीमागचा हात पुढे ओढला आणि आपल्या हातात घेतला. बोटांच्या टोकांवर पातळ पांढरे पापुद्रे चिकटलेले होते. नखांच्या कडांत ते वाळून बसले होते. अंगठ्याच्या मांसल भागावर काचकागदाने सोलवटलेलं होतं, आणि ते सोलवटणं तिरकं होतं. असली बोटं त्याने रोज पाहिली होती, आपल्या मनगटांना लागलेली. फक्त ती काळी होती.

त्याने काय झालं ते विचारलं. भिंगरीने सांगितलं, अगदी हळू आवाजात, मावशीला ऐकू जाऊ नये असं, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. घर दुसऱ्याच दिवशी पसरलं होतं. मावशी सामान आणायला बाहेर गेली होती. भिंगरीने सगळे तुकडे पलंगाखाली नेले. पिवळं होतं ते घासून काढलं, मग पुसलं, मग बाहुल्यांचं दूध लावलं. आधी कोरडं जोडून बघितलं, त्या बाई म्हणाल्या होत्या तसं. केसांच्या रिबिनींनी आवळलं. सकाळपर्यंत थांबली. पलंगाखाली हात घालून सारखं बघावंसं वाटत होतं, पण हलवलं नाही.

"पडलं असतं तर तुम्ही मला नेलं नसतं ना," ती म्हणाली. "म्हणून मी पडू दिलं नाही."

साडू चटकन म्हणाला की त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि ते खरं होतं, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. पंक्चरवाला जमिनीवर उकिडवा बसला आणि मेहुणीला म्हणाला, मी चुकीचं बोललो, मी नेतो तिला, आत्ता नेतो. मेहुणीचे डोळे कोरडे झाले. तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली की भाऊजी, ती पोर आहे, घ्या आणि ठेवा करायला सामान नाही. तरी मी अडवत नाही. विचारा तिलाच.

त्याने विचारलं. भिंगरे, चल, घरी जाऊ. खोलीला चुना दिलाय, फळी लावलीये, मला वेणी येते आता.

भिंगरीने त्याच्या हातातून हात काढून घेतला. ओढून नाही, हळूच.

"तुम्ही मला देऊन टाकलंत," ती म्हणाली. "मी इथेच उभी होते."

आणि ती आत गेली. तो दाराशी किती वेळ उभा राहिला ते त्यालाच ठाऊक. मेहुणी आत जाऊन तिची समजूत घालून आली, साडूही गेला, पण पोर पलंगाखालून बाहेर येईना. शेवटी ती आली ती ते घर दोन्ही हातांत घेऊन. म्हणाली, हे तुमच्याकडे राहू दे, गाडीत मोडेल. वाकून नमस्कार केला, मावशीने शिकवला होता तसा, आणि पुन्हा आत गेली.

ते लोक गेले. स्टेशनवर पंक्चरवाला गेला होता. भिंगरीने खिडकीतून हात हलवला, सगळे हलवतात तसा.

आता ते घर टपरीत, हवेच्या मशीनवरच्या फळीवर असतं. मशीन सुरू झालं की फळी थरथरते आणि घराचं पुढचं दार आपोआप उघडतं. गिऱ्हाईक कौतुकाने विचारतं, कुणी केलं? तो म्हणतो, मुलीने. पुढे कुणी काही विचारलं तर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसतो.

एकदा दुपारी कोणी नव्हतं. त्याने घर खाली घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि त्या दिवशी जे करायचं राहिलं होतं ते केलं. ट्यूबचं साधं ठिगळ त्याने कधी न ओढता हातातून सोडलं नव्हतं, आणि हे त्याने नख फिरवून सोडून दिलं होतं. उजवी भिंत धरली आणि ओढली. सांधा हलला नाही. त्याने जोर लावला. गुडघ्यात धरून दोन्ही हातांनी, दात आवळून ओढली. तेव्हा कुठे काडकन आवाज झाला आणि भिंत मधोमध उभी फाटली. कडेची चिरफळी छपराला जशीच्या तशी चिकटून राहिली.

आता त्या चिरफळीची आतली, सांध्यालगतची कड उजेडात आली होती. गोंदाच्या पातळ थराखाली घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, सगळ्या तिरक्या आणि एकाच अंगाने गेलेल्या. हा हात त्याला कुठेही ओळखता आला असता. तो फाटकी भिंत मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला, आणि बाहेर एका गिऱ्हाइकाने सायकल टेकवून घंटी वाजवली तेव्हाही उठला नाही.